फिरतीवरचा माणूस

शिकागोहून मोटारीनं पूर्वेकडे निघालं, की इंडियाना राज्यात कुठंतरी घड्याळातला एक तास गळून पडतो. शिकागोत दहा वाजले असतील, तर नव्वद मैलांवरच्या साउथ बेंड गावात अकरा. हे ठाऊक नसल्यानं सामन्याचा पहिला डाव हुकलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून मुलानं मला भल्या पहाटे उठवलं, सुनेनं बटाटेवड्यांचा डबा हातात दिला आणि आम्ही दोघं बापलेक नोटर डेम विद्यापीठाच्या वाटेला लागलो. या नावाचा मूळचा फ्रेंच उच्चार नोत्र दाम. अमेरिकेत तसं म्हणालात तर लोक तुम्हाला पॅरिसच्या चर्चबद्दल सांगू लागतील. इथं ते नोटर डेमच.

शरद ऋतूतले शनिवार अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे असतात. हे फुटबॉल म्हणजे आपल्या कुपरेजवरचं फुटबॉल नव्हे. चेंडू अंड्याच्या आकाराचा, बहुतेक वेळ तो हातातच. मग याला फुटबॉल का म्हणायचं ते देव जाणे. अकरा विरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याच्या ताब्यात. एवढं कळलं की बाकीचं शेजारचा प्रेक्षक आपणहून समजावतो. खेळणारी पोरं विद्यार्थी, पण बघायला माणसं किती? मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर लोक बसतात. गावची वस्ती याहून फार मोठी नाही. लोक तीनशे-चारशे मैलांवरून येतात, मोटारतळावर शेगड्या पेटवतात, अनोळखी माणसाच्या हातात कणीस ठेवतात. आपल्याकडच्या वारीची आठवण मला तिथं पहिल्यांदा झाली.

मी खेळाडू नव्हे, खेळाचा जाणकार तर नव्हेच. उभी हयात औषध कंपनीच्या फिरतीच्या नोकरीत गेली. नाशिक, धुळे, जळगाव, कधी पार नांदेडपर्यंत. मुलगा शाळेच्या संघातून क्रिकेट खेळायचा, ते मला त्याच्या आईकडून कळायचं. निवृत्तीनंतर त्याच्याकडे आलो, तेव्हा दर शनिवारी वेगळ्या गावी, वेगळ्या स्टेडियमला जायचं त्याचं वेड कळलं आणि मीही त्याच्याबरोबर जाऊ लागलो. ॲन आर्बर पाहिलं, शिकागोचं सोल्जर फील्ड पाहिलं, एका हिवाळ्यात कॅलिफोर्नियातलं पासाडिनाचं रोझ बोलही पाहिलं. गंमत अशी, की कुठंही गेलं तरी एक नाव आडवं यायचंच. न्यूट रॉक्नी. साउथ बेंडच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. नाक थोडं चपटं, डोक्यावर विरळ केस, एखाद्या गिरणीतला मुकादम वाटावा असा चेहरा. या माणसाची गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केली आहे, ती आज सांगतो.

रॉक्नीचा जन्म ४ मार्च १८८८ चा, नॉर्वेमधल्या व्हॉस गावचा. वडील लार्स घोडागाड्या बनवणारे. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. स्वामी विवेकानंदांचं सर्वधर्म परिषदेतलं भाषण याच प्रदर्शनाच्या निमित्तानं झालं, म्हणून आपल्याला ते साल पाठ. त्याच प्रदर्शनात आपली गाडी मांडायला लार्स रॉक्नी आले आणि मागोमाग बायकामुलं आली. पाच वर्षांचा न्यूट शिकागोच्या लोगन स्क्वेअर वस्तीत वाढला. स्कँडिनेव्हियन, आयरिश, पोलिश, सगळ्या मुलखांतून आलेल्या मजुरांची पोरं रिकाम्या जागेत एकमेकांना पाडत खेळायची. तिथंच हा खेळ त्याच्या अंगात भिनला.

शाळा अर्धवट राहिली. मग शिकागोच्या टपाल कचेरीत नोकरी, चारएक वर्षं. पैसा पैसा साठवून तो १९१० साली नोटर डेममध्ये दाखल झाला तेव्हा त्याचं वय बावीस होतं. वर्गातली बाकीची पोरं अठराची. तिथं तो बासरी वाजवायचा, धावायचा, बांबूच्या उडीत भाग घ्यायचा आणि अभ्यासही करायचा. १९१४ मध्ये त्यानं औषधशास्त्राची पदवी घेतली ती उत्तम गुणांनी. फादर ज्युलियस न्यूलँड या रसायनशास्त्रज्ञाचा तो प्रयोगशाळेतला मदतनीस होता. याच न्यूलँडांच्या संशोधनातून पुढं निओप्रीन हे कृत्रिम रबर निघालं. मी औषधांच्या पेट्या वाहिलेला माणूस. हा गृहस्थ फुटबॉलकडे न वळता तर आमच्याच धंद्यात आला असता, असा एक विचार मनात येऊन गेला.

त्याला देशभर ओळख मिळाली ती १ नोव्हेंबर १९१३ ला. त्याआधीचं फुटबॉल म्हणजे नुसती धक्काबुक्की होती. १९०५ च्या हंगामात इतकी पोरं मेली, की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं. १९०६ मध्ये चेंडू पुढं फेकायला परवानगी मिळाली, पण पूर्वेकडचे मातबर संघ त्या फेकीला कमीपणाची मानत. १९१३ च्या उन्हाळ्यात रॉक्नी आणि त्याचा मित्र गस डोराय हे दोघं ओहायोतल्या सीडर पॉइंट इथं सरोवराकाठच्या करमणुकीच्या ठिकाणी नोकरीला होते. फावल्या वेळात वाळूत एकानं फेकायचं आणि दुसऱ्यानं धावत झेलायचं, एवढाच उद्योग. शरदात त्यांचा संघ न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंटला, लष्करी अकादमीशी खेळायला गेला. कुणाला न माहीत असलेली एक कॅथलिक शाळा, असंच तिकडच्यांना वाटत होतं. रॉक्नी पुढं आपल्या सांगण्यात रंगवून सांगायचा, की आपण मुद्दाम लंगडत राहिलो, समोरच्यानं लक्ष देणं सोडलं आणि मग एकाएकी धूम ठोकली. निकाल ३५ विरुद्ध १३. ही पुढची फेक या दोघांनी शोधून काढली, असं अजूनही लोक सांगतात. ते खरं नाही. त्याआधी सात वर्षं ती चालू होती. मात्र वर्तमानपत्रवाल्यांच्या डोळ्यांदेखत, बलाढ्य संघाला तिच्या जोरावर लोळवलं ते यांनी.

पुढच्याच उन्हाळ्यात सीडर पॉइंटला भेटलेल्या बॉनी स्काइल्स हिच्याशी त्याचं लग्न झालं. चार मुलं झाली. नोटर डेममध्येच तो रसायनशास्त्र शिकवू लागला, फुटबॉलच्या प्रशिक्षकाला मदत करू लागला आणि १९१८ मध्ये स्वतः मुख्य प्रशिक्षक झाला. पुढची तेरा वर्षं १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. हे आकडे अमेरिकेतली शाळकरी पोरंही सांगतात. मला जास्त नवल वाटतं ते हे विजय किती वेगवेगळ्या गावी मिळाले याचं.

त्याचं कारण काही भूषणावह नाही. मध्य-पश्चिमेतल्या मोठ्या विद्यापीठांची एक संघटना होती. तिच्यात नोटर डेमला प्रवेश नव्हता. मिशिगननं तर १९१० मध्ये ठरलेला सामनाच रद्द केला होता आणि पुढं कित्येक वर्षं ते यांच्याशी खेळले नाहीत. अभ्यासाचे नियम, खेळाडूंची पात्रता अशी कारणं दिली जात, आणि त्यांत काही तथ्यही होतं. पण कॅथलिकांविषयीची अढी त्यामागं होती, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. १९२४ च्या मे महिन्यात कू क्लक्स क्लॅनवाले साउथ बेंडमध्ये जमले, तेव्हा नोटर डेमच्या विद्यार्थ्यांशी त्यांच्या रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या. अशा दिवसांत शेजारी दार उघडत नाहीत म्हटल्यावर रॉक्नीनं आगगाडी धरली. घरचं मैदान छोटं, मोठे संघ तिथं यायला तयार नाहीत. मग आपणच जायचं. न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, अटलांटा, लिंकन, लॉस एंजेलिस.

वर्तमानपत्रांनी या संघाला भटक्यांची नावं दिली. विद्यापीठाच्या पाद्र्यांना ते झोंबलं, कारण पोरं अभ्यास कधी करतात हा प्रश्न त्यातून निघे. शेवटी १९२७ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी लढवय्ये आयरिश हे नाव अधिकृत केलं. प्रशिक्षक नॉर्वेचा, जन्मानं लुथरन, १९२५ मध्ये कॅथलिक झालेला. आणि संघ मात्र आयरिश. पण या भटकंतीचा परिणाम कुणी योजला नसेल असा झाला. ज्या ज्या गावी गाडी थांबे, तिथले आयरिश, इटालियन, पोलिश कामगार हा आपलाच संघ मानू लागले. ज्यांनी कॉलेजची पायरीही चढली नव्हती असे न्यूयॉर्कचे हजारो लोक भुयारी रेल्वेनं सामन्याला यायचे.

१८ ऑक्टोबर १९२४ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोटर डेमनं लष्करी संघाला १३-७ असं हरवलं. ग्रँटलंड राइस या क्रीडा-पत्रकारानं मागच्या फळीतल्या चौघांना, म्हणजे स्टुलड्रेअर, क्रॉली, मिलर आणि लेडन यांना, बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. संघाच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एका विद्यार्थ्यानं गावी परतताच चौघांना खरोखरच्या घोड्यांवर बसवून छायाचित्र काढवलं आणि ते देशभर छापून आलं. जाहिरातीचं मर्म रॉक्नीच्या आसपासच्या पोरांनाही कळलं होतं ते असं. त्या हंगामाच्या शेवटी रोझ बोलचं आमंत्रण आलं. संघ आगगाडीनं दक्षिणेकडून वळसा घेत, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, टक्सन असे मुक्काम करत, सराव करत, सत्कार घेत कॅलिफोर्नियाला पोचला. १ जानेवारी १९२५ ला स्टॅनफर्डविरुद्ध २७-१०. एल्मर लेडननं प्रतिस्पर्ध्याच्या दोन फेकी मधेच पकडल्या आणि दोन्ही वेळा थेट गोलरेषा गाठली. पासाडिनाच्या त्या स्टेडियममध्ये, मागं सॅन गॅब्रिएलचे डोंगर तांबूस होत असताना, मी हे मुलाला सांगू लागलो तर त्याला सगळं आधीच माहीत होतं. मुलांना सांगण्यासारखं काही उरावं, इतकी आधी सवड काढायला हवी होती.

या माणसाला देव करण्यात अर्थ नाही. १९२५ च्या अखेरीस त्यानं नोटर डेमचा करार चालू असताना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी बोलणी पक्की केली, ती फुटली आणि सगळ्यांचीच शोभा झाली. पुढच्याच वर्षीचा किस्सा तर त्याहून मासलेवाईक. २७ नोव्हेंबर १९२६ ला त्याच्या संघाचा पिट्सबर्गला कार्नेगी टेकशी सामना होता. त्या हंगामात तोवर एकही पराभव नव्हता, समोरचा संघ सोपा. रॉक्नीनं संघ मदतनिसाच्या हाती सोपवला आणि स्वतः शिकागोला सोल्जर फील्डवर लष्कर विरुद्ध नौदल हा सामना बघायला गेला. लाखभर माणसांचा तो सामना २१-२१ असा बरोबरीत सुटला आणि आजही त्याची गणना उत्तम सामन्यांत होते. तिकडे पिट्सबर्गला त्याची पोरं १९-० अशी हरली. दुसऱ्याचा सामना बघायला म्हणून घरचं कार्य सोडून जाणारा माणूस! सोल्जर फील्डचे ते जुने ग्रीक धाटणीचे खांब अजून उभे आहेत, आतलं स्टेडियम २००३ मध्ये नव्यानं बांधलं. तिथं हा किस्सा मुलानंच मला सांगितला, आणि सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून नुसता हसला.

रॉक्नी बोलून माणसं पेटवायचा. त्यासाठी खोटं बोलायला मागंपुढं बघत नसे. १९२२ मध्ये अटलांटात जॉर्जिया टेकशी सामना होता. खेळाडूंसमोर त्यानं तारा वाचून दाखवल्या. त्यांतली शेवटची आपल्या छोट्या बिलीची म्हणून वाचली. पोर इस्पितळात आहे, आणि संघानं जिंकावं एवढंच त्याचं मागणं आहे. पोरांच्या डोळ्यांत पाणी, सामना जिंकला. साउथ बेंडला गाडी आली, तर फलाटावर बिली धडधाकट उड्या मारत होता, असं सांगतात.

याहून गाजलेली गोष्ट जॉर्ज गिपची. अफाट गुणी, अभ्यासाला दांडी मारणारा, जुगारी, पण मैदानावर जादूगार असा हा खेळाडू १४ डिसेंबर १९२० ला घशाच्या जंतुसंसर्गातून झालेल्या न्यूमोनियानं गेला. पेनिसिलिन यायला अजून कित्येक वर्षं होती. १९२८ मध्ये रॉक्नीच्या संघाचं नेहमीसारखं जमत नव्हतं. त्याच्या कारकिर्दीतला तो सगळ्यात वाईट हंगाम, पाच विजय आणि चार पराभव. १० नोव्हेंबरला यांकी स्टेडियममध्ये लष्करी संघाशी गाठ होती. तेव्हा त्यानं आठ वर्षं मनात ठेवलेली म्हणून एक गोष्ट पोरांना सांगितली. मरणाच्या दारात गिपनं मागणं मागितलं होतं, की कधी संघ अडचणीत आला तर आपल्यासाठी म्हणून एक सामना जिंकावा. नोटर डेमनं तो १२-६ असा जिंकला. पहिली गोलरेषा ओलांडणारा जॅक शेव्हिग्नी हा तरुण पुढं १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईत मारला गेला. गिप खरोखर असं म्हणाला होता का? ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि ज्या लाडक्या नावानं त्यानं स्वतःचा उल्लेख केला म्हणतात, त्या नावानं त्याला हयातीत कुणी हाक मारल्याचं दिसत नाही. मला विचाराल तर बिलीची तार आणि गिपचं मागणं एकाच हातची असावीत. तरी यांकी स्टेडियमच्या त्या खोलीत मी असतो, तर मीही डोळे पुसले असते.

१९२९ मध्ये जुनं मैदान मोडून साउथ बेंडला नवं स्टेडियम बांधायला घेतलं. त्यामुळे त्या वर्षी सगळेच्या सगळे सामने परगावी. त्यात रॉक्नीच्या पायाच्या शिरेत रक्त गोठलं. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, म्हणजे तो चाकाच्या खुर्चीतून, खाटेवरून सराव घेणार! गाठ हृदयाकडे सरकली तर खेळ संपला, हे त्याला समजावलं होतं. औषधशास्त्राचा पदवीधर, त्याला काय कळत नव्हतं? तरी तो काही सामन्यांना गेलाच. नऊच्या नऊ सामने जिंकले.

नवं स्टेडियम ४ ऑक्टोबर १९३० ला खुलं झालं. त्यात त्यानं स्वतः बारीक बारीक गोष्टीत लक्ष घातलं होतं. प्रेक्षक मैदानाच्या अगदी कडेला बसले पाहिजेत, मधे धावपट्टी नको. जुन्या मैदानाची हिरवळ उचलून नव्यात आणवली. पन्नास हजारांवर लोक मावतील असं ते बांधकाम आता वाढून ७७ हजारांपर्यंत गेलं आहे, पण आतल्या जुन्या विटा तशाच आहेत. वीस वर्षं गावोगाव फिरलेल्या माणसाला घर मिळालं, आणि त्यात त्याला जेमतेम एक हंगाम मिळाला. तोही त्यानं एकही सामना न हरता पार पाडला. डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये सदर्न कॅलिफोर्नियाला २७-० नं हरवून त्यानं हंगाम संपवला. मंदीचे दिवस होते. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला बेकारांच्या मदतीसाठी जुन्या खेळाडूंना घेऊन एक सामना खेळला, तो मात्र व्यावसायिक जायंट्स संघानं सहज जिंकला.

मार्च १९३१ च्या अखेरीस त्याला पुन्हा लॉस एंजेलिस गाठायचं होतं, एका चित्रपटाच्या कामासाठी. बॉनी फ्लोरिडात होती. थोरली दोन मुलं, बिल आणि धाकटा न्यूट, कॅन्सस सिटीच्या निवासी शाळेत होती आणि सुट्टी संपवून आगगाडीनं तिथं परतत होती. त्यांना भेटता यावं म्हणून रॉक्नी रात्रीच्या गाडीनं ३१ मार्चच्या सकाळी कॅन्सस सिटीला उतरला. मुलांच्या गाडीला उशीर झाला. त्यानं वाट पाहिली, मग विमानाची वेळ झाली म्हणून तो निघाला. मुलांची गाडी नंतर आली.

तीन इंजिनांचं ते फोकर विमान तासाभरात बझार या खेड्याजवळ, गुरांच्या कुरणात कोसळलं. आठही जण ठार झाले. रॉक्नी त्रेचाळीस वर्षांचा होता. लाकडी पंखाच्या आतला डिंक ओलाव्यानं सुटला होता आणि पंख हवेतच तुटला. एरवी अशी चौकशी त्या काळी दडपली जायची. पण मेलेला माणूस इतका मोठा, की सरकारला कारण जाहीर करावं लागलं. फोकर विमानांवर बंधनं आली आणि विमान कंपन्या सबंध धातूच्या विमानांच्या मागं लागल्या. डग्लस कंपनीनं त्यातून जी विमानं काढली त्यांतलंच एक आपल्या ओळखीचं डकोटा. ऑक्टोबर १९४७ मध्ये आपले जवान श्रीनगरला उतरले ते त्याच जातीच्या विमानांतून.

४ एप्रिलला विद्यापीठाच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला, तो देशभर रेडिओवरून ऐकवला गेला. नॉर्वेच्या राजानं आपला प्रतिनिधी पाठवला. साउथ बेंडच्याच स्टुडबेकर कंपनीनं, जिच्या गाड्या एके काळी मुंबईच्या रस्त्यांवरही दिसायच्या, रॉक्नी नावाची मोटार काढली, ती दोन वर्षांत बंद पडली. १९४० च्या चित्रपटात जॉर्ज गिपचं काम रोनाल्ड रेगन नावाच्या नटानं केलं. तो पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि गिपचं लाडकं नाव जन्मभर मिरवत राहिला.

त्या शनिवारी नोटर डेम जिंकलं. मोटारतळातून बाहेर पडायलाच दोन तास लागले. शेजारच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला उरलेले वडे दिले, त्यांना ते तिखट लागले. अंधार पडल्यावर शिकागोच्या वाटेला लागलो, तेव्हा मुलानं पुढच्या शनिवारी कुठं जायचं ते विचारलं. ॲन आर्बर पाहिलं होतंच. तरी मी पुन्हा तेच म्हटलं. तिथं पोचायला गाडीत चार तास लागतात.